खानदेशातील यात्रा समित्यांना खुले पत्र : कथेसोबत सांगणाऱ्याचे नावही छापा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील यात्रा समित्या, सार्वजनिक कानबाई उत्सव मंडळे आणि बारागाड्यांची पंचमंडळी यांस,

सप्रेम जय हिंद.

मी सैन्याच्या सिग्नल शाखेतून निवृत्त झालेला हवालदार आहे आणि गावी परतल्यापासून खानदेशातील दंतकथा, चालीरीती आणि नवलाच्या गोष्टी लिहिण्याचे व नभोवाणीवरून सांगण्याचे काम करीत आलो आहे. आपल्यापैकी अनेकांनी मला यात्रेत रेकॉर्डर घेऊन हिंडताना पाहिले असेल; काहींनी चहा पाजला आहे, तर काहींनी ‘फौजी, आता पुरे करा, पाहुणे आले’ असे म्हणून मला व्यासपीठाखाली उतरवलेही आहे. त्या ओळखीच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. आपण यात्रेच्या पत्रिकेत, प्रवेशद्वारावरच्या फलकावर आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ‘इतिहास’ म्हणून जो मजकूर देता, त्यात कथा असते, पण ती कोणी सांगितली हे कोठेच नसते. यापुढे ते असावे, एवढीच माझी विनंती आहे.

विनंती लहान दिसते, म्हणून तिच्यामागचे कारण सविस्तर लिहितो.

गेल्या काही वर्षांतील यात्रापत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर त्यांतील मजकूर एकाच कारखान्यातून निघाल्यासारखा वाटतो. देवस्थान अतिप्राचीन आणि जागृत असते, मंदिर हेमाडपंती असते, पांडव वनवासात तेथे मुक्कामाला असतात आणि नवस हमखास फळतो. गावाचे नाव तेवढे बदलले की तीच पत्रिका पुढच्या गावाला चालते. हा मजकूर पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारून लिहिलेला नसतो, तर एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर आलेला असतो. दुःखाची गोष्ट अशी की, त्या म्हाताऱ्याकडे याहून कितीतरी चांगली आणि केवळ त्याच गावाची म्हणावी अशी गोष्ट असते. पत्रिका छापली गेली की त्याची नातवंडेही छापील गोष्टच खरी मानू लागतात आणि त्याची गोष्ट त्याच्याबरोबर जाते.

सैन्यात बिनतारी संदेश पाठवताना मजकुराआधी पाठवणारा कोण, कोणाला पाठवतो आहे आणि तारीख-वेळ कोणती, हे लिहावे लागते. टेहळणीवरून आलेल्या जवानाच्या अहवालातही स्वतः पाहिले काय आणि गुराख्याकडून ऐकले काय, हे वेगळे सांगावे लागते. ऐकलेली माहिती टाकून देत नाहीत, पण ती ऐकलेली आहे हे नोंदवतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की, निवृत्तीनंतर दंतकथा गोळा करू लागलो तेव्हाही वहीत पहिली ओळ सांगणाऱ्याच्या नावाची, गावाची आणि तारखेचीच पडत गेली. लोकसाहित्याचे शास्त्र मी शिकलेलो नाही. मला जे येते ते संदेशवहनातून आलेले आहे.

सैनिकाने खानदेशाविषयी लिहिण्याची गोष्ट तशी नवी नाही. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली आणि पुढे या भागाविषयी लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशाच्या गॅझेटियरमध्ये देवळे, यात्रा, जाती-जमाती आणि त्यांच्या कथा यांची मोठी नोंद आहे. मी ते ग्रंथ उपकृत भावनेने वाचतो. परंतु त्यांत कथा सापडते आणि ती सांगणाऱ्या भिल्ल नाईकाचे, पाटलाचे किंवा पुजाऱ्याचे नाव बहुधा सापडत नाही. साहेबांनी केले नाही ते आपण तरी करावे, कारण सांगणारे आपलेच आजोबा-मामा आहेत.

नाव का हवे, हे एका उदाहरणावरून पाहू. आपल्याकडे चांगदेव म्हणून दोन व्यक्ती आहेत. एक योगी चांगदेव, जे वाघावर बसून हातात सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले आणि समोरून चालत्या भिंतीवर बसून आलेली भावंडे पाहून नमले. मुक्ताबाई त्यांच्या गुरू. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचे मंदिर आहे आणि मुक्ताबाई जेथे विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या असे मानतात ते ठिकाणही त्याच परिसरात आहे. दुसरे चांगदेव हे गणिती भास्कराचार्यांचे नातू, ज्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. एका पत्रकात हे दोघे एकच होऊन बसलेले मी वाचले आहेत : योगी चांगदेव पाटणला गणित शिकवीत होते! हे कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, याचा पत्ता नसल्याने त्याचे मूळ शोधायला जागाच उरत नाही. सांगणाऱ्याचे नाव असते तर त्याला जाऊन विचारता आले असते आणि कदाचित अशी सरमिसळ होण्यामागेही काही जुनी स्थानिक गोष्ट निघाली असती.

पाटणचाच शिलालेख याउलट कसा आहे ते पाहा. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, असे म्हणून तो दान कोणी दिले आणि कशासाठी दिले हे सांगतो. त्याच्या मराठी भागात तर पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावरचे राजाकडे जाणारे उत्पन्न मठाला दिले, इतका बारीक व्यवहार नोंदवला आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला दगडावर छिन्नीने अक्षरे कोरताना दिवस, देणारा आणि कारण लिहायला जागा मिळाली. आपल्याला आर्ट पेपरवर, प्रायोजकांच्या छायाचित्रांमधून, एक ओळ मिळू नये?

आता ज्या गोष्टीवरून माझे आपल्यापैकी काहींशी वाद झाले, त्या बारागाड्यांकडे वळतो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की, बारा बैलगाड्या बैलांशिवाय एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसे खच्चून बसवायची आणि कमरेला दोर किंवा आकडा लावलेल्या भगताने त्या ओढायच्या, अशी ही प्रथा आहे. मरीमाता, खंडेराव अशा देवतांच्या यात्रांत खानदेशातील अनेक गावांत ती आजही चालते. भगत काही दिवस आधीपासून पाळणूक करतो, म्हणजे व्रताचे नियम पाळतो, हळद लावून, फेटा बांधून, हातात निंबाचा पाला घेऊन देवीचे दर्शन घेतो, गाड्यांना प्रदक्षिणा घालतो. दोन्ही बाजूंनी त्याचे बगले, म्हणजे बाजूने चालणारे साथीदार, त्याला आधार देतात आणि गर्दीतून एकच आरोळी उठली की गाड्या हलतात. जवळ उभे राहून ऐकले तर आरोळीच्या आधी एक गोष्ट ऐकू येते : पहिल्या गाडीचे जू करकरते, मग तो ताण साखळीतून मागे मागे जात प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा येतो आणि बाराव्या गाडीचा आवाज येईपर्यंत भगत दोन पावले पुढे गेलेला असतो. हा आवाज मी माझ्या कार्यक्रमात मुद्दाम ऐकवला होता. त्याच कार्यक्रमात उताराची जागा निवडण्याचे, चाकांना वंगण देण्याचे आणि सुरुवातीला मागून लागणाऱ्या हातांचेही वर्णन होते, कारण ते मला स्वतः भगतांनीच सांगितले होते. त्यावर एका समितीचे म्हणणे पडले की, मी देवीच्या चमत्काराला उणेपणा आणला.

मला तसे वाटत नाही. एकदा चाके फिरू लागली की ओढायला बळ कमी लागते हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. पण धावत येणाऱ्या बारा गाड्यांपुढे, मागे न पाहता, पळण्याला जे धैर्य लागते ते उताराने येत नाही, आणि भगत त्याला देवीची सत्ता म्हणत असेल तर ती त्याची साक्ष म्हणून जशीच्या तशी नोंदवणे हेच माझे काम. गाड्यांखाली सापडून माणसे दगावल्याच्या घटनाही या भागाने पाहिल्या आहेत. गाड्या थांबवायच्या कशा, लगाम कोणाच्या हाती, लोकांना किती दूर ठेवायचे, हे ज्ञान जुन्या बगल्यांकडे आहे आणि ते कोणत्याच पत्रिकेत नाही. जळगावच्या श्रीराम रथाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल : कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या त्या प्रचंड रथाच्या चाकांखाली मोगऱ्या, म्हणजे लाकडी ठोकळे, घालून त्याला वळवणारे आणि रोखणारे लोक हेच त्या उत्सवाचे खरे जाणकार आहेत, पण छायाचित्रे निघतात ती रथाची आणि रथावरच्या पाहुण्यांची.

साक्ष नोंदवली तर श्रद्धा उणावते, हा आक्षेप मला सैन्यात असतानाही कधी पटला नाही. सिक्कीममध्ये नथुला भागात १९६८ साली मृत्यू पावलेल्या हरभजनसिंग या जवानाचे मंदिर आहे. त्यांचा गणवेश, बिछाना आणि बूट आजही नीट ठेवले जातात, आणि ते रात्री सीमेवर पहारा देतात असे जवान मानतात. मानणारे हेच जवान टेहळणीच्या अहवालात मात्र फक्त डोळ्यांनी पाहिलेलेच लिहितात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच खिशात राहतात आणि भांडत नाहीत. आपण गावकरीही वेगळे नाही.

एरंडोलचे लोक आपले गाव म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी मानतात, पद्मालयाजवळच्या भीमकुंडापाशी भीम-बकासुराची लढाई दाखवतात. देशात इतर काही गावेही हाच दावा करतात. मला एरंडोलकडून दावा सिद्ध करून नको आहे. कुंडाजवळ उभा राहून ‘येथे भीमाने गुडघा टेकला’ असे बोटाने दाखवणारा माणूस कोण, त्याला ते कोणी दाखवले, एवढे हवे आहे. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांच्या बाबतीत तर आता साक्षीखेरीज दुसरे काही हातात नाही. एक हलवला की दुसरा डोलतो, ही ज्या जोडीची कीर्ती होती त्यांतला एक मनोरा कोसळला आहे. वर चढून स्वतः तो हलवून पाहिलेली माणसे अजून आहेत. वरून खाली पाहताना कसे वाटले, किती वेळ डोलत राहिला, हे त्यांनाच ठाऊक, आणि त्यांना विचारायला फार वर्षे शिल्लक नाहीत.

सातपुड्यातील समित्यांना वेगळे चार शब्द लिहायला हवेत. अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत जी यात्रा भरते, ती आता बाहेरच्यांच्या चित्रफितींत ‘अमर अश्वत्थाम्याचे रहस्य’ म्हणून फिरते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याखेरीज तिच्यात काही उरत नाही. ती कथा आहेच. परंतु वाट चुकलेल्याला वाट दाखवणारा, पिकापाण्याची काळजी वाहणारा अस्तंबा ऋषीही तेथे आहे आणि त्याविषयी भिल्ल आणि पावरा वाटाडे जे त्यांच्या बोलीत सांगतात, ते मराठीत आणताना निम्मे गळते. नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावच्या होळीचेही तसेच : अंगावर ठिपके काढून, कमरेला भोपळे बांधून नाचणाऱ्या बुध्यांची छायाचित्रे जगभर जातात, पण त्यांनी होळीपूर्वी पाळलेले नियम आणि ते का पाळतात हे त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळते. तेथील समित्यांनी बाहेरच्या लेखकाची वाट पाहू नये. माझ्यासारख्याचीही पाहू नये.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून घोड्याची पारख करणारे जुने व्यापारी, ज्यांच्या मते पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला, घोडा घरात आला की घर उभे राहते आणि अमुक जागी भोवरा असला की फुकटही घेऊ नये, तेही याच यादीत येतात. त्यांचे म्हणणे पशुवैद्याला पटणार नाही. लाखांचे सौदे मात्र त्यावर ठरतात.

बायकांचा विषय मुद्दाम नंतर ठेवला, कारण तेथे काम अधिक आहे. समित्यांच्या पत्रिकांवर पुरुषांची नावे असतात आणि कथा असतात बायकांकडे. श्रावणात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट कसा दळायचा, नारळाला डोळे-नाक लावून कानबाई कशी बसवायची, रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर का जाऊ द्यायचा नाही, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्र जागवताना कोणते गाणे कोणत्या गाण्यानंतर, हे समितीच्या सचिवाला विचारले तर तो घरात हाक मारतो. मुलींच्या गुलाबाई उत्सवाची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी तशीच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी काही गाणी कागदावर उतरवली नसती, तर १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती छापलीच गेली नसती. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते ते आज वाचता येते, कारण साने गुरुजी समोर बसून लिहीत होते. दोन्ही वेळा कोणीतरी त्या क्षणी लिहीत होते. आपल्या गावातही कोणीतरी गात असेल, पण समोर वही घेऊन कोणी बसलेले नाही.

हे करायचे कसे, असे समित्या मला विचारतात, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. मोठे यंत्र लागत नाही. गावातल्या कोणत्याही चांगल्या मोबाइलवर भागते. यात्रेच्या रात्री डीजेच्या भिंतीशेजारी मुलाखत घेऊ नये, ती यात्रेआधी आठ-पंधरा दिवस, सकाळी, सांगणाऱ्याच्या घरी घ्यावी. पंखा बंद करावा. मोबाइल हातात धरू नये, सांगणाऱ्यापासून वीतभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलावर ठेवावा. सुरुवातीला त्याच्याच तोंडून नाव, गाव, तारीख आणि ‘हे तुम्ही कोणाकडून ऐकले’ याचे उत्तर घ्यावे. उत्तर बहुधा असे येते : ‘मन्हा बाप सांगे, त्याले त्याना आजानी सांगेल व्हतं.’ ते तसेच ठेवावे. अहिराणीचे, लेवा गणबोलीचे किंवा पावरीचे शुद्ध मराठी करण्याची घाई करू नये; पत्रिकेत मराठीत लिहा, पण ध्वनिमुद्रण मूळ बोलीतच राहू द्या. मागे सनईचे संगीत घालू नये, त्याने जुन्या माणसाचे शब्द बुडतात. दोन माणसांनी दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही ठेवावे, आणि कोणते खरे याचा निकाल समितीच्या बैठकीत लावू नये. तेथे निकाल मताधिक्याने आणि आवाजाने लागतो हे आपण जाणताच.

परवानगीशिवाय काही घेऊ नये. भगताचे मंत्र, देवकार्यातील काही गाणी, काही ठिकाणच्या पुजेच्या जागा बाहेर सांगायच्या नसतात. भगत नाही म्हणाला तर ‘विचारले, सांगायचे नाही म्हणाले’ अशी नोंद करून उठावे. तीही नोंद पुढच्या माणसाला उपयोगी पडते. जे मिळेल त्याची एक प्रत गावच्या शाळेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एक सांगणाऱ्याच्या घरी द्यावी, कारण समित्या बदलतात आणि सचिवाचा मोबाइल हरवतो.

खर्चाचा प्रश्न निघेल. वहीगायनाच्या, म्हणजे खानदेशी लोकगायनाच्या, पार्टीला मिळणारा वेळ आणि मानधन गेल्या काही वर्षांत डीजेसाठी कमी होत गेले, हे आपण जाणता आणि मीही जाणतो. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. सध्या मी पैसा मागत नाही. पाहुण्यांच्या फेट्यांवर जो खर्च होतो त्यातले दोन फेटे कमी केले तरी सांगणाऱ्याच्या घरी जाण्यायेण्याचे आणि त्याला एक धोतरजोडी किंवा बाईंना लुगडे देण्याचे भागते.

येत्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा आणि पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी निदान एका सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याने कोणाकडून ऐकले हे तिच्यात यावे. जेथे बारागाड्या आहेत त्या गावांनी सुरुवात सर्वांत वयस्कर बगल्यापासून करावी; भगताकडे सर्वांचेच लक्ष असते. मुलाखत घेणाऱ्या तरुणांना काही अडले तर मी येईन, जाण्यायेण्याचे माझे मी पाहीन, आणि मला व्यासपीठावर बसवू नये.

आपला नम्र,
सिग्नल शाखेतील एक निवृत्त हवालदार व नभोवाणी निवेदक